पत्र्याच्या शेडमधलं भूत: पहिला भयपट करण्याची कृती

ही कृती साधारण पंचवीस मिनिटांच्या मराठी भयपटाची आहे. भोसरी, पिंपरी, चिंचवड, तळवडे, म्हाळुंगे, चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या, पोटासाठी नोकरी करणाऱ्या आणि आजवर एकही चित्रपट न केलेल्या माणसासाठी ती लिहिली आहे. भयपट सावकाश चढणारा हवा. पहिली दहा मिनिटं प्रेक्षकाला वाटलं पाहिजे की आपण कामगारांच्या जगण्यावरचा एक साधा चित्रपट बघतोय, आणि पुढे कधीतरी त्याच्या लक्षात यावं की आपण बराच वेळ अंग चोरून बसलोय.

साहित्य फार नाही. एक शेड, तीन नट, सहा-सात जणांची टीम, बऱ्यापैकी कॅमेरा, चांगला ध्वनिमुद्रक आणि मायक्रोफोन, आणि चार-पाच गुरुवार. पैसे कमी पडले तर कॅमेऱ्यात कपात करा, आवाजात करू नका. एकदम दोन तासांचा चित्रपट हाती घेऊ नका. राही अनिल बर्वे यांनीही ‘तुंबाड’च्या आधी ‘मांजा’ हा लघुपट केला होता, आणि तरीही ‘तुंबाड’नं त्यांची कित्येक वर्षं घेतली. २०१२ मध्ये चित्रीकरण सुरू झालं, झालेलं काम मनासारखं उतरलं नाही म्हणून पुन्हा लिहिलं गेलं, पुन्हा चित्रित झालं, आणि चित्रपट पडद्यावर आला १२ ऑक्टोबर २०१८ रोजी. चित्रीकरणाआधी सातशे पानांचा स्टोरीबोर्ड तयार होता. तुम्हाला सातशे पानं काढायची गरज नाही, पण तो माणूस इतका वेळ कशावर थांबून राहिला होता ते समजून घ्या. पाऊस हवा तसा मिळेपर्यंत त्यांनी पावसाळ्यामागून पावसाळे घालवले.

जागा आधी, गोष्ट नंतर

मराठी भयपट म्हटलं की आपण कोकणाकडे पाहतो. ‘तुंबाड’चा वाडा तर फार लांबचाही नाही, सासवडचा पुरंदरे वाडा तो. पण वाडा शोधायला निघू नका. वाड्यातली भीती ज्यानं वाड्यात रात्री काढल्या त्याची आहे. तुम्ही रात्री काढल्या असतील त्या पत्र्याच्या शेडमध्ये, कंपनीच्या बसमध्ये, किंवा खराबवाडी-नाणेकरवाडीच्या खोलीत, जिथे एकाच खाटेवर दिवसपाळीचा उठतो आणि रात्रपाळीचा झोपतो. ही भीती अजून कुणी नीट दाखवलेली नाही, आणि ती दाखवण्याचा अधिकार तुमच्याइतका कुणाला नाही.

या बाबतीत हर्क हार्वे या अमेरिकी माणसाचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी सेंट्रॉन नावाच्या कंपनीत तो नोकरीला होता आणि कारखान्यांसाठी, शाळांसाठी माहितीपट करायचा. प्रवासात त्याला खाऱ्या सरोवराच्या काठी ओसाड पडलेली सॉल्टएर नावाची जुनी करमणुकीची इमारत दिसली. त्यानं सहकाऱ्याला सांगितलं की हिच्याभोवती गोष्ट लिही, तीन आठवड्यांची रजा काढली आणि ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ केला. १९६२ चा हा चित्रपट. हार्वेनं दुसरा कथापट कधीच केला नाही, पण भयपट करणारे आजही त्याच्याकडे परत परत जातात. जागा पहिली, गोष्ट दुसरी, हा क्रम त्याचा. तोच धरा.

शेड निवडताना एक संध्याकाळ नुसते तिथे बसा. काय ऐकू येतं, उजेड कुठून येतो, बाहेर काय आहे. या पट्ट्यात कंपन्यांच्या कुंपणाच्या आत एखादा शेंदूर लावलेला दगड, एखादं म्हसोबाचं ठाणं किंवा जुना पिंपळ राहून गेलेला दिसतो, कारण जमिनी गेल्या तरी देव हलवायला कुणी धजत नाही. असं काही असेल तर ती शेड घ्या.

गोष्ट: मोजणीत एक चूक

सावकाश भयपटाचं सगळं बळ नेमात असतं. आधी प्रेक्षकाला रोजचा नेम पाठ होऊ द्यायचा, आणि मग त्यातली एकच गोष्ट चुकवायची. कारखान्याइतका नेमानं चालणारा प्रदेश दुसरा नाही. कार्ड पंच करणं, पाळी बदलणं, भोंगा, चहाची वेळ, तासाला किती नग. इथे प्रत्येक गोष्ट मोजली जाते, तेव्हा भूतही मोजणीतूनच येऊ द्या.

उदाहरणासाठी एक गोष्ट बांधू आणि पुढे तीच धरून चालू. चाकणकडची एक छोटी प्रेस शॉप, मोठ्या कंपनीला पत्र्याचे ब्रॅकेट पुरवणारी. रात्रपाळीला तिघं: लातूरकडून आलेला तरुण ऑपरेटर, एक हेल्पर, आणि दारावर साठीचा वॉचमन, ज्याला सगळे मामा म्हणतात. शेड उभी आहे ती जमीन एकेकाळी मामाच्या बापाची. जमीन गेली, पैसे आले, पैसे गेले, आणि मामा आता आपल्याच शेतावर बारा तास पहारा करतो. असे मामा या पट्ट्यात ठायी ठायी आहेत, त्यामुळे हे पात्र लिहिताना काही रचावं लागत नाही.

एका रात्री प्रेसचा काउंटर आणि नगांची संख्या जुळत नाही. काउंटर एक जास्त दाखवतो. सुपरवायझर सकाळी म्हणतो, मोटर बंद केली तरी फ्लायव्हीलमध्ये गती उरते, एखादा स्ट्रोक पडतो. हे खरं आहे. यांत्रिक पॉवर प्रेसमध्ये असं होऊ शकतं, आणि म्हणूनच हे वाक्य गोष्टीत हवं. सावकाश भयपटात पहिल्या घटनेला पटणारं कारण मिळालंच पाहिजे, म्हणजे ते कारण नंतर काढून घेता येतं. दुसऱ्या रात्री ऑपरेटर फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत उभा राहतो, हात लावून बघतो, आणि तरी काउंटर एक पुढे जातो. तिसऱ्या रात्री काउंटर एक जास्त आणि नगही एक जास्त. तो नग ओला आहे. तेलानं ओला नाही, पाण्यानं.

भुताला नियम द्या, आणि तो प्रेक्षकाला आधी सांगा

‘तुंबाड’मध्ये हस्तर दिसण्याआधीच आपल्याला त्याच्याबद्दल पुष्कळ माहीत असतं. तो भुकेला आहे, पिठाच्या रिंगणात तो येऊ शकत नाही, कणकेच्या बाहुलीवर तो झडप घालतो आणि तेवढ्यात त्याच्या कमरेची मोहर काढायची. नियम ठाऊक असतो म्हणून रिंगण पुसट व्हायला लागलं की आपला जीव वर येतो. नियमाशिवायचं भूत काहीही करू शकतं, आणि काहीही करू शकणाऱ्याची भीती फार वेळ टिकत नाही.

नियम आपल्याच मातीतून घ्या. मुंजा, म्हसोबा, वेताळ, साती आसरा, जखीण यांतलं एकच काहीतरी उचला. पांढरी साडी, मोकळे केस आणि उलटे पाय सगळे एकत्र आणू नका. आपल्या गोष्टीत मी साती आसरा घेतल्या आहेत, पाण्याजवळ राहणाऱ्या सात देवता, ज्यांच्यासाठी विहिरीच्या काठी सात दगड मांडलेले असतात. गोष्टीपुरता नियम असा की या मळ्यात मोट चालायची तेव्हा दिवसाची शेवटची मोट पाटात न सोडता पुन्हा विहिरीत ओतली जायची. ती आसरांची. विहीर बुजवली, वर शेड आली, प्रेस बसली. देणं मात्र तसंच राहिलं. मोजून काही काढलं की त्यातलं शेवटचं त्यांचं.

हा नियम मामानं सांगायचा, पण भुताबद्दल म्हणून नव्हे. डबा खाताना, बापाच्या आठवणीत, सहज. ज्यानं लक्ष दिलं त्याला पुढे सगळं कळेल, ज्यानं दिलं नाही त्याला घरी जाताना कळेल.

आता चढण. शेठला एक नग जास्त मिळतोय, त्यात त्याचा तोटा काय? तो ओला नगही पुसून पेटीत टाकून पाठवला जातो. म्हणजे जे परत द्यायचं ते विकलं गेलं. चौथ्या रात्री हजेरीपटावर सह्या तीन आणि शेडमध्ये सावल्या चार. पाचव्या रात्री सह्या चार. नगांची मोजणी माणसांवर आली की गोष्ट शिखराकडे निघाली असं समजा. शेवट मी इथे सांगत नाही, तो तुमच्या शेडमधून निघू द्या. एवढं मात्र बघा की शेवटी ऑपरेटरनं स्वतःहून काहीतरी निवडलं पाहिजे. भुतानं ओढून नेलेल्या माणसापेक्षा स्वतः हिशेब मांडून दाराकडे चालत गेलेला माणूस जास्त दिवस आठवतो.

विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’चा इथे अभ्यास करा. हा त्यांचा पहिला चित्रपट, जुलै २०१७ मध्ये आला आणि पुढे त्यांनीच तो हिंदीत ‘छोरी’ म्हणून केला. उसाच्या फडात एक घर, एक गरोदर बाई, आणि खेळणारी मुलं. त्यातली भीती उलगडत उलगडत मुलींच्या हत्येपाशी जाते आणि मग ती मुलं तिथे का होती ते उमगतं. भुतामागे खरा अन्याय असेल तर भूत पोकळ वाटत नाही. आपल्या गोष्टीत तो अन्याय मामाच्या जमिनीचा आहे. भाषण न देता तो येऊ द्या, मामाच्या चालण्यातून, शेडमध्ये कुठे पाऊल टाकायचं हे त्याला पाठ असण्यातून.

एक सक्त सूचना. या पट्ट्यात प्रेसवर बोटं गेलेली, जीव गेलेली खरी माणसं आहेत. कुणाचा खरा अपघात उचलून त्याचं भूत करू नका. त्याची बायको याच पट्ट्यात बसनं कामाला जात असेल.

नट आणि बोली

नटांसाठी मुंबईकडे बघायच्या आधी महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत उतरणारी मंडळी गाठा. दिवसभर मशीनवर उभं राहून रात्री तालीम करणारे हे लोक आहेत. त्यांना जॉब कसा धरतात, हातमोजे कसे काढतात, पाळी संपताना पाठ कशी मोडते हे शिकवावं लागत नाही. पुरुषोत्तम करंडक गाजवलेली कॉलेजची मुलं गुणी असतात, पण त्यांना मशीनसमोर उभं केलं तर आधी आठ-दहा दिवस खऱ्या ऑपरेटरच्या शेजारी बसवा.

बोली एकसारखी करू नका. ऑपरेटर मराठवाड्याचा असेल तर तसाच बोलेल, हेल्पर बिहारचा असेल तर दोघं मोडक्या हिंदीत बोलतील, मामा खेड तालुक्याचा असेल. शेठला शेठ, सुपरवायझरला साहेब, वयानं मोठ्या कामगाराला मामा किंवा काका. संवाद लिहून झाले की निम्मे कापा. रात्रपाळीची माणसं दोन वाजल्यानंतर फारसं बोलत नाहीत.

गुरुवार

भोसरी आणि पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. गोष्ट चाकणची असली तरी चित्रीकरण भोसरीत करण्यात हा मोठा फायदा आहे. बुधवारची शेवटची पाळी सुटली की शुक्रवारच्या पहिल्या पाळीपर्यंत शेड तुमची, आणि बुधवारी रात्रपाळी नसेल तर त्यात दोन रात्री येतात. चाकणमध्ये कंपनीगणिक सुट्टी वेगळी, तिथे आधी विचारून घ्या. एक अडचण लक्षात ठेवा: महावितरणची देखभालीची कामंही बहुधा गुरुवारीच निघतात आणि दिवसा वीज जाते. दिवसाची दृश्यं विजेवर अवलंबून ठेवू नका, आणि रात्रीसाठी बॅटऱ्या बुधवारीच भरून ठेवा.

मालकाची परवानगी लेखी घ्या. तारखा, वेळ, कोणती मशीन वापरणार, नुकसान झालं तर कोण भरणार, कंपनीचं नाव व ग्राहकाचे नग पडद्यावर दिसणार नाहीत, हे सगळं त्यात हवं. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण मोठ्या कंपनीला माल पुरवणारा माणूस त्या कंपनीच्या पार्टचं चित्र बाहेर जाऊ देऊच शकत नाही. स्वतःचे खोटे ब्रॅकेट कापून घ्या. रस्त्यावरचं एखादं दृश्य असेल तर पोलिसांची परवानगी काढा. देहूरोडच्या लष्करी भागाकडे कॅमेरा फिरवू नका, आणि लोहगावचा हवाईतळ जवळ असल्यानं ड्रोनचा विचार सोडून द्या.

मशीन

हा टप्पा वगळून पुढे जाऊ नका. नट मशीनजवळ असेल तेव्हा मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली एकाच माणसाच्या खिशात, फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं आणि रॅमखाली आधाराचा ठोकळा. ज्या गतीवर आपली गोष्ट उभी आहे तीच गती खरोखर हात तोडते. मशीन चालू असल्याची दृश्यं वेगळी घ्या. ती खऱ्या ऑपरेटरनं, त्याच्या नेहमीच्या सुरक्षा साधनांसह, दोन्ही हातांच्या स्विचवर चालवायची. नटाचा चेहरा एका तुकड्यात, स्ट्रोक दुसऱ्या तुकड्यात. प्रेक्षक ते स्वतः जोडतो.

शेडमध्ये थिनर, रंग किंवा तेल साठवलं असेल तर दिवा, अगरबत्ती, धुराचं यंत्र यांतलं काहीही त्या बाजूला नेऊ नका. पहाटे चारला थकलेल्या माणसाला दुचाकीवरून घरी पाठवू नका, तिथेच झोपायची सोय करा.

उजेड

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. कॅमेरा सेकंदाला २४ चौकटींवर आणि शटर १८० अंशांवर ठेवलं तर ट्यूबलाइटखाली चित्र थरथरतं. शटर १७२.८ अंश करा, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, किंवा सरळ २५ चौकटींवर जा. स्वस्त एलईडी मात्र आपल्या मर्जीनं लुकलुकतात, त्यांची चाचणी आधी घ्या.

आजकाल बहुतेक शेडमध्ये एलईडी आले आहेत, पण एखाद्या जुन्या शेडमध्ये उंचावर मर्क्युरीचे किंवा मेटल हॅलाइडचे दिवे अजून लटकत असतील तर ती शेड सोडू नका. हा दिवा एकदा विझला की गार झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही, त्याला पाच-दहा मिनिटं लागतात, आणि पेटला तरी हळूहळू उजळतो. अंधार, मग फिकट निळसर उजेड, मग एकेक मशीन आकार घेत बाहेर येणं. हे बनवावं लागत नाही, नुसतं थांबावं लागतं. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली लाल रंग तपकिरी, मेलेला दिसतो. रस्त्यावरून येणारा तसा उजेड खिडकीतून आत घेतला तर शेंदूर लावलेला दगडही ओळखू येत नाही, आणि त्याचा उपयोग करता येईल.

मशीनवरचे छोटे दिवे, काउंटरचे लाल आकडे, मोबाइलचा पडदा, एवढ्यावर काही दृश्यं उभी करा. अंधार म्हणजे काळा पडदा होऊ देऊ नका. कोपऱ्यात काहीतरी आहे एवढं कळावं, काय आहे ते कळू नये.

चौकट

ओरेन पेली हा संगणक प्रोग्रामर. त्यानं आपल्याच घरात सात दिवसांत ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ केला. त्यात झोपण्याच्या खोलीतला कॅमेरा दर रात्री त्याच जागी, तीच चौकट, कोपऱ्यात घड्याळ. दोन-तीन रात्रींत ती खोली आपल्याला पाठ होते आणि मग दार बोटभर हललं तरी पुरतं. आपल्या शेडमध्ये हीच चौकट आयती आहे, ती सीसीटीव्हीची. एका कोपऱ्यातून उंचावरून दिसणारी शेड, तारीख, वेळ. प्रत्येक रात्रीची सुरुवात तिथून करा, आणि प्रत्येक वेळी चित्र निदान पंधरा सेकंद धरून ठेवा. पहिल्या रात्री काही बदलायचं नाही. दुसऱ्या रात्री फक्त एक स्टूल सरकलेलं. तिसऱ्या रात्री फरशीवर ओलसर डाग, जिथे एकेकाळी विहीर होती तिथे. कुणालाही तो डाग दिसल्याचं संवादात येता कामा नये.

बाकीच्या दृश्यांत कॅमेरा ऑपरेटरच्या उंचीवर, शक्यतो स्थिर. माणसाच्या पाठीमागे रिकामी जागा ठेवा आणि तिथे काहीच घडवू नका. पुन्हा तशीच चौकट, पुन्हा काही नाही. प्रेक्षकाची नजर माणसावरून त्या जागेकडे जायला लागली की तुमचं काम झालं. अचानक दचकवण्याची मुभा संपूर्ण चित्रपटात एकदाच, आणि माझं मत विचाराल तर तीही वापरू नका.

आवाज

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. शेडमधला भयपट कानांनी बघितला जातो.

पहिल्या गुरुवारी चित्रीकरण न करता फक्त आवाज गोळा करा. रिकाम्या शेडची शांतता प्रत्येक कोपऱ्यात दोन-दोन मिनिटं. ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण. हवेच्या पाइपातून होणारी गळती. पत्रा दिवसभर तापून रात्री गार होताना मध्येच करतो तो टणत्कार. कूलंटचा थेंब. लांबून येणारा हायवेचा आवाज आणि नाशिक रस्त्यावरच्या कंटेनरचे हॉर्न. प्रेसचा स्ट्रोक जवळून, लांबून, भिंतीच्या पलीकडून, आणि जमिनीला मायक्रोफोन टेकवून. पावसाळा असेल तर पत्र्यावरचा पाऊस वेगळा मुद्रित करा. मुसळधार पावसात संवाद घेता येत नाहीत, पण त्या पावसाचा ठेवा वर्षभर कामाला येतो.

मग कॉम्प्रेसर. चित्रपटाच्या पहिल्या दृश्यापासून तो पाठीमागे चालू ठेवा. टाकीत दाब भरला की तो आपोआप थांबतो आणि दाब उतरला की पुन्हा सुरू होतो. तीन-चार मिनिटांत प्रेक्षक त्याला ऐकेनासा होतो. त्यानंतर जेव्हा तो थांबेल तेव्हा पडणारी शांतता प्रेक्षकाला छातीत जाणवते, आणि असं का झालं ते त्याला कळत नाही. तो थांबणं हाच आपला इशारा ठेवा. पहिल्यांदा थांबतो, काहीच होत नाही. दुसऱ्यांदा थांबतो, काहीच होत नाही. तिसऱ्यांदा थांबतो आणि त्या शांततेत, खूप खालून, पाण्यात काहीतरी भरल्यासारखा आवाज. नंतर एक स्ट्रोक.

स्ट्रोकची लय ठरवून घ्या. समजा, दर चार सेकंदांना एक. ही लय सुरुवातीची पाच मिनिटं काटेकोर ठेवा. पुढे भीतीच्या दृश्यांत पार्श्वसंगीत न लावता ही लयच किंचित मागेपुढे करा, साडेचार सेकंद, मग तीन. अंगाला ते कळतं. ‘तुंबाड’ला यस्पर किड यांचं संगीत आहे आणि ते उत्तम आहे, पण तसं संगीत करणारा माणूस हाताशी नसताना बाजारात मिळणारे आयते भीतीचे सूर लावले की पंचवीस मिनिटांची मेहनत पहिल्या सुरातच वाया जाते. फार तर एखादी टाळ-मृदंगाची लांबून येणारी लकेर. देहू-आळंदी इतकी जवळ आहे की पहाटे काकड्याचा आवाज कुठूनही येऊ शकतो, आणि या चित्रपटात त्यानं प्रेक्षकाला सुटल्यासारखं वाटेल. म्हणून तो शेवटच्या रात्री येता येता मध्येच थांबवा.

जुळवाजुळव

पहिलं संकलन आवाज बंद करून बघा. गोष्ट कळली पाहिजे. मग पडदा बंद करून फक्त ऐका. भीती कळली पाहिजे. यांतलं एक जरी झालं नाही तरी परत बसा.

सावकाश म्हणजे लांबण नव्हे. प्रत्येक दृश्यात एक तरी नवी माहिती हवी, मग ती एका आकड्याची का असेना. प्रत्येक रात्रीच्या शेवटी काउंटर आणि रजिस्टर दाखवा, कारण प्रेक्षक मोजायला लागला आहे आणि त्याला आकडा हवा आहे. चौथ्या रात्री आकडा दाखवू नका. काउंटरकडे बघणाऱ्या ऑपरेटरचा चेहरा दाखवा आणि कापा.

मित्रमंडळींना दाखवू नका, ते कौतुक करतील. पाळीवर जाणाऱ्या दहा-बारा कामगारांना एका खोलीत बसवून दाखवा आणि तुम्ही पडद्याकडे पाठ करून त्यांच्याकडे बघा. कुणी कधी मोबाइल काढला, कुणी कधी हसलं, कोण कधी हलायचं थांबलं, हे मिनिटासह लिहून घ्या. ‘भीती वाटली का’ असं विचारू नका. ‘शेवटी काउंटरवर किती होते’ असं विचारा. बरोबर आकडा आला तर चित्रपट त्यांना धरून ठेवतोय. कामाच्या चुकाही तेच दाखवतील: डाय बदलताना असं कुणी उभं राहत नाही, नग असे मोजत नाहीत. त्या सगळ्या दुरुस्त करा. एका चुकीच्या हालचालीनं कामगार प्रेक्षक गोष्टीतून बाहेर पडतो, आणि हा चित्रपट आधी त्याच्यासाठी आहे.

कागदपत्रं

नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या गोष्टीवर चित्रपट करायचा मोह होईल. करा, पण हक्कदारांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय एक पानही लिहू नका. ‘तुंबाड’मागेही धारपांच्या कथेची प्रेरणा होती आणि नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण देणारं होतं, पण चित्रपट स्वतःचा झाला तो पुढच्या वर्षांच्या मेहनतीनं.

चित्रपटगृहात दाखवायचा असेल तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए गटाचे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे भाग झाले आहेत. रक्त न दाखवता केलेला सावकाश भयपट कोणत्या भागात बसेल याचा अंदाज पटकथेच्या टप्प्यावरच बांधा. पात्रं तंबाखू मळताना दिसणार असतील तर वैधानिक इशारे द्यावे लागतात. दारातलं कुत्रं किंवा मांजर चित्रपटात घ्यायचं असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधी काढा. नंतर धावपळ करून उपयोग होत नाही.

प्रसिद्धी करताना सेटवर खरंच काही घडलं, अमुक दगडाचा कोप झाला, अशा बातम्या पसरवू नका. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि त्या कायद्यामागे एका माणसाचा जीव गेलेला आहे. पडद्यावर भूत दाखवणं ही कला आहे. पडद्याबाहेर ते विकणं ही फसवणूक.

पहिला खेळ भोसरीतच लावा, बुधवारी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सुट्टी असताना. शेडच्या मालकाला, वॉचमनला आणि चहावाल्याला पुढच्या रांगेत बसवा. खुर्च्या, पडदा आणि दोन चांगले स्पीकर भाड्यानं मिळतात. आवाजाची चाचणी त्याच जागी दुपारी करून घ्या, विशेषतः कॉम्प्रेसर थांबण्याच्या तीन जागा, कारण मोकळ्या मैदानात ती शांतता रस्त्याच्या आवाजात बुडते. तसं होत असेल तर खेळ आत, बंद शेडमध्ये घ्या.